गव्हर्नर आल्टगेल्ड आणि आमचा एक निवाडा

दरवर्षीं १ मे रोजीं आमच्या शाळेच्या पटांगणांत झेंडावंदन होतें, आणि १९६० सालीं याच दिवशीं महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली, हें आम्ही मुलांस सांगतों. गेल्या वर्षीं तें सांगून झाल्यावर आठवीच्या वर्गांतील एका मुलानें हात वर केला व विचारलें, “सर, आमच्या घरच्या कॅलेंडरवर या तारखेखालीं ‘कामगार दिन’ असेंहि छापलेलें आहे. कामगारांचा दिवस आजच कां?”

खरें सांगावयाचें तर आम्हांस उत्तर नीट ठाऊक नव्हतें. “पुढें केव्हां तरी सांगूं,” असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु शिक्षकानें मारून नेलेली वेळ त्याच्या मागें लागल्यावांचून राहत नाहीं. उन्हाळ्याची सुटी लागली, तरी तो प्रश्न कांहीं सुटीवर गेला नाहीं. शेवटीं आम्ही पुस्तकें उघडून बसलों. आणि उत्तर शोधतां शोधतां एका अशा गृहस्थांची गांठ पडली कीं, त्यांना सोडून पुढें जाणें आम्हांस शक्य होईना. हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानाचे एकेकाळचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड.

वाचकांपैकीं फार थोड्यांनीं हें नांव ऐकलें असेल. ते राष्ट्राध्यक्ष झाले नाहींत, त्यांनीं लढाई जिंकली नाहीं, कीं कांहीं नवा शोध लाविला नाहीं. चार वर्षें ते गव्हर्नर होते, आणि त्या चार वर्षांतील एका दिवशीं त्यांनीं जें एक कृत्य केलें, त्यापायीं त्यांचें पुढील सारें वैभव खर्चीं पडलें. तें वाचल्यापासून सुटीचे उरलेले दिवस आम्हांस चैन पडेना. त्याचें कारण शेवटीं सांगूं. आधीं त्यांचें चरित्र.

‘गव्हर्नर’ म्हटलें कीं इतिहासाच्या पुस्तकांतील मुंबई इलाख्याचे गव्हर्नर आपल्या डोळ्यांपुढें येतात. ते विलायतेहून नेमले जात. आपल्या हल्लींच्या राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपति करतात. अमेरिकेंतील प्रकार निराळा आहे. तेथें प्रत्येक संस्थानाचा गव्हर्नर त्या संस्थानांतील मतदार निवडून देतात व कारभाराचीं सूत्रें त्याच्याच हातीं असतात. म्हणजे कामाच्या दृष्टीनें तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा होय. इलिनॉय संस्थानांत त्या काळीं त्याच्याकडे आणखी एक मोठा अधिकार असे. न्यायालयानें शिक्षा दिलेल्या कैद्यास माफी द्यावी कीं न द्यावी, हें त्यानें एकट्यानें ठरवावयाचें. हा अधिकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सारी कथा त्याच्याच भोंवतीं फिरते.

जॉनचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजीं जर्मनींतील नासाउ प्रांतांत झाला. तो अवघ्या कांहीं महिन्यांचा असतां आईबाप त्याला घेऊन अमेरिकेस गेले व ओहायो संस्थानांत मॅन्सफील्ड गांवाजवळ शेती करूं लागले. घरची गरिबी, घरांत जर्मन भाषा, आणि बापाला शिक्षणाची मातबरी नाहीं; त्याला शेतावर राबणारे हात हवे होते. त्यामुळें जॉनची शाळा कधीं चाले, कधीं बंद पडे. सोळा वर्षांचा असतां, १८६४ सालीं, यादवी युद्धांत तो उत्तरेच्या सैन्यांत भरती झाला. व्हर्जिनियांत त्याला तापानें गांठलें, आणि तो ताप पुढेंहि वरचेवर डोकें वर काढीत राहिला.

युद्धावरून परतल्यावर त्यानें पुन्हां पुस्तकें हातीं घेतलीं, आणि थोडें शिकून तो स्वत:च खेड्यांतील शाळेंत मास्तर झाला. आमच्याच पेशांतला माणूस, म्हणून हें वाचून आम्हांस विशेष बरें वाटलें. नंतर १८६९ च्या सुमारास तो पायींच पश्चिमेकडे निघाला. आर्कान्सा संस्थानांत रेल्वेचा रस्ता बांधण्याच्या कामावर त्यानें मजुरी केली. तेथें पुन्हां तापानें अंथरूण धरलें. अखेर मिसूरी संस्थानांतील सव्हाना गांवीं तो पोंचला. तेथें शेतांत काम केलें, शाळेंत शिकविलें, कायद्याचा अभ्यास केला आणि वकिलीची सनद मिळविली. १८७४ सालीं तो त्या जिल्ह्याचा सरकारी वकील म्हणून निवडून आला. परंतु दुसऱ्याच वर्षीं तें पद सोडून तो शिकागोस गेला. तेथें त्याच्या ओळखीचें माणूस नव्हतें, कीं गांठीशीं म्हणण्यासारखा पैसा नव्हता.

शिकागो शहराचा बराच भाग १८७१ च्या मोठ्या आगींत जळून गेला होता व तें पुन्हां झपाट्यानें उभें राहत होतें. आल्टगेल्ड यांनीं वकिलीबरोबर जागा-जमिनींचा व्यापार केला व दहा-पंधरा वर्षांत ते मोठे धनिक झाले. १८७७ सालीं एमा फोर्ड या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. भर शहरांत त्यांनीं ‘युनिटी बिल्डिंग’ नांवाची सोळा मजल्यांची इमारत बांधविली आणि तींत आपली जवळजवळ सारी पुंजी घातली. १८८६ सालीं ते न्यायाधीश म्हणून निवडून आले व १८९१ पर्यंत त्या पदावर होते.

एवढ्यावरून हें एका गरीब मुलाच्या भाग्योदयाचें नेहमींचें चरित्र आहे, असें वाटेल. परंतु १८८४ सालीं त्यांनीं तुरुंगांविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें होतें, तें वेगळेंच कांहीं सांगतें. तुरुंगांत येणारीं माणसें बहुतेक दरिद्री, पोरकीं, लहानपणीं शाळेचें व मायेचें तोंड न पाहिलेलीं असतात. आपली दंडाची व्यवस्था त्यांना सुधारीत नाहीं, उलट चिरडून पुन्हां गुन्ह्याकडेच लोटते, असें त्यांचें म्हणणें होतें. पोट भरल्यावर भूक विसरणारे पुष्कळ असतात. हे गृहस्थ विसरले नव्हते.

आतां १८८६ सालाकडे वळूं. ज्या वर्षीं मार्च महिन्यांत आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या, त्याच वर्षाची ही हकीकत आहे. कारखान्यांत त्या वेळीं दिवसाकाठीं दहा-दहा, बारा-बारा तास काम करावें लागे. तें आठ तासांचें असावें, या मागणीसाठीं १ मे १८८६ रोजीं शिकागोंत व अमेरिकेंतील इतर शहरांत हजारों कामगारांनीं संप केला. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या कॅलेंडरवरील तारीख ती हीच.

३ मे रोजीं मॅकॉर्मिक यांच्या शेतकी यंत्रांच्या कारखान्यापाशीं दंगल झाली, पोलिसांनीं गोळ्या झाडल्या व कामगार मृत्युमुखीं पडले. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशीं रात्रीं हेमार्केट चौकाजवळ सभा भरली. शहराचे मेयर स्वत: सभेस येऊन गेले, व सभा शांत असल्याचें पोलिसांस सांगून घरीं परतले. पाऊस येण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं, बरेच लोक निघून गेले. इतक्यांत पोलिसांची मोठी तुकडी चाल करून आली व सभा मोडण्याचा हुकूम झाला. त्याच क्षणीं कोणीं तरी अंधारांतून बाँब फेकला. तो स्फोट व त्यानंतरचा गोळीबार यांत सांपडून सात पोलीस प्राणांस मुकले, कामगारहि मेले. बाँब कोणीं फेकला, हें त्या रात्रीं समजलें नाहीं, खटल्यांत समजलें नाहीं, आणि आजतागायत समजलेलें नाहीं.

सारें शहर भयानें व संतापानें वेडें झालें. आठ पुढाऱ्यांवर खटला भरण्यांत आला. त्यांतील बहुतेक जर्मनींतून आलेले होते. सरकार ही संस्थाच नको, असें मानणाऱ्या पंथाचे होते. त्यांचीं भाषणें जहाल असत, लेख त्याहूनहि जहाल असत. हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यांच्यापैकीं कोणीं बाँब फेकला असें सिद्ध झालें नाहीं. कित्येक तर स्फोटाच्या वेळीं तेथें नव्हतेहि. त्यांच्या शब्दांनीं कोणाला तरी चिथावणी मिळाली असली पाहिजे, या मुद्द्यावर सातांना फांशीची व एकाला पंधरा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयानें ती कायम केली. त्या वेळचे गव्हर्नर ऑग्लस्बी यांनीं दोघांची फांशी रद्द करून जन्मठेप दिली. एकानें कोठडींत स्वत:च जीव दिला. उरलेले चौघे, स्पाइझ, पार्सन्स, एंगेल व फिशर, ११ नोव्हेंबर १८८७ रोजीं फांशीं गेले. फील्डेन, श्वाब व नीबी असे तिघे तुरुंगांत राहिले.

नोव्हेंबर १८९२ मध्यें आल्टगेल्ड निवडून आले व जानेवारी १८९३ मध्यें गव्हर्नर झाले. परदेशांत जन्मलेला मनुष्य इलिनॉयचा गव्हर्नर होण्याची ही पहिलीच वेळ. त्या तिघांस माफी द्यावी, म्हणून हजारों लोकांच्या सह्यांचे अर्ज आले. सह्या करणारांत शहरांतले मोठे व्यापारी व पेढीवालेहि होते. परंतु अर्जांचा सूर असा कीं, ‘गुन्हा झाला खरा; पण सात वर्षें शिक्षा भोगली, आतां दया करावी.’

आल्टगेल्ड यांनीं घाई केली नाहीं. खटल्याचे सारे कागद मागवून ते स्वत: वाचूं लागले. क्लॅरन्स डॅरो हे तरुण वकील त्यांचे स्नेही होते. माफीस उशीर होतो म्हणून ते अधीर झाले. माफी दिली तर लोकांना तुम्हांला वाटतें तसा आनंद होणार नाहीं, आणि त्या दिवसापासून राजकारणांत मी मेलेला मनुष्य असेन, अशा अर्थाचें उत्तर आल्टगेल्ड यांनीं दिल्याचें डॅरो यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. म्हणजे काय होणार, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें.

२६ जून १८९३ रोजीं त्यांनीं माफी दिली. केवळ दया म्हणून दिली असती, तर लोकांनीं त्यांची उदारता वाखाणली असती. परंतु तसें त्यांनीं केलें नाहीं. हीं माणसें अपराधी असतील तर त्यांना झालेली शिक्षा मुळींच जास्त नाहीं, व तसें असेल तर मी त्यांत हात घालणार नाहीं. प्रश्न आहे तो ते अपराधी ठरले कसे, असा त्यांनीं सवाल टाकला. आणि मग सुमारें अठरा हजार शब्दांच्या लेखांत एकेक मुद्दा मांडला. ज्यूरीची निवड रीतीप्रमाणें झाली नाहीं; ती अशी केली कीं, शिक्षाच व्हावी. आमचें मन आधींच कलुषित आहे, असें सांगणाऱ्यांनाहि ज्यूरींत बसूं दिलें. बाँब फेकणारा कोण हेंच जेथें ठरलें नाहीं, तेथें त्याला या आठांनीं प्रवृत्त केलें हें कशावरून? आणि न्यायाधीशांचें वर्तन नि:पक्षपाती नव्हतें. शेवटच्या मुद्द्यावर त्यांची लेखणी फार तिखट झाली. इतकें कठोर लिहावयास नको होतें, असें त्यांच्या स्नेह्यांपैकींहि कित्येकांस वाटलें. तरी मुख्य गोष्ट त्यांनीं निखालस सांगितली: हें दयेचें काम नव्हे, न्यायाचें आहे.

मग जें झालें तें त्यांच्या भाकिताप्रमाणेंच झालें. देशभर वर्तमानपत्रांनीं त्यांना सळो कीं पळो करून सोडलें. ते अराजकवादी ठरले, परके ठरले. कांहीं गांवीं त्यांच्या प्रतिमा जाळण्यांत आल्या. त्याच वर्षीं शिकागोंत जागतिक प्रदर्शन भरलें होतें, व सप्टेंबरमध्यें सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले. त्या परिषदेचें वर्णन आपण शाळेंत नेहमीं वाचतों. परंतु त्याच शहरांत त्याच उन्हाळ्यांत एका माणसाच्या नांवानें एवढी आरडाओरड चालू होती, हें आमच्या गांवींहि नव्हतें.

आल्टगेल्ड यांचें कार्य एवढेंच नव्हे. १८९३ सालींच कारखान्यांचा कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत कामाला ठेवण्याची बंदी झाली व स्त्रियांच्या कामाला आठ तासांची मर्यादा घालण्यांत आली. त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठीं त्यांनीं फ्लॉरेन्स केली या कर्तबगार बाईंस मुख्य निरीक्षक नेमलें. एवढ्या मोठ्या कामावर स्त्रीची नेमणूक ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. स्त्रियांच्या आठ तासांचें कलम संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें १८९५ सालीं रद्द केलें. मुलांविषयींचें मात्र टिकलें. इलिनॉय विद्यापीठास त्यांनीं पूर्वीं कोणी दिला नव्हता इतका पैसा मिळवून दिला. त्यांच्या वेळीं मंजूर झालेली तेथील ग्रंथालयाची इमारत १९४१ पासून ‘आल्टगेल्ड हॉल’ या नांवानें ओळखली जाते.

१८९४ सालीं पुलमन यांच्या रेल्वे-डब्यांच्या कारखान्यांत संप झाला. मालकानें मजुरी कमी केली होती. परंतु कामगार ज्या त्याच्याच मालकीच्या घरांत राहत, त्यांचें भाडें कमी केलें नव्हतें. रेल्वे कामगार संपांत उतरल्यावर राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं, गव्हर्नरांनीं मागणी केली नसतां, शिकागोंत मध्यवर्ती सरकारचें सैन्य पाठविलें. क्लीव्हलंड हे आल्टगेल्ड यांच्याच पक्षाचे; तरी आल्टगेल्ड यांनीं त्यांना तारेनें कडक निषेध कळविला. इलिनॉयचें स्वत:चें सैन्य सज्ज आहे, गरज पडेल तेथें तें आम्ही पाठवितोंच, मग आम्हांस न विचारतां हें कां, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. आणि दंगा झाला तेव्हां त्यांनीं आपलें सैन्य खरोखरच पाठविलें. ते दंगलीचे कैवारी नव्हते. संप मोडल्यावर ऑगस्टमध्यें ते स्वत: पुलमनच्या वस्तींत गेले, घरोघर हिंडून उपाशी कुटुंबें पाहिलीं, मालकास मदतीची विनंति केली, व ती फुकट गेल्यावर जनतेस हांक दिली.

१८९६ च्या निवडणुकींत त्यांचा पराभव झाला. नव्या गव्हर्नरांच्या पदग्रहणाच्या वेळीं जुन्या गव्हर्नरानें निरोपाचे चार शब्द बोलावे, असा प्रघात होता. तेवढीहि संधि त्यांना मिळाली नाहीं. पैशाचेंहि तेंच झालें. युनिटी बिल्डिंग हातची गेली. १८९५ सालीं, स्वत: अडचणींत असतांना, शिकागोच्या ट्राम कंपन्यांस दीर्घ मुदतीचा मक्ता देणारीं विधेयकें त्यांनीं नामंजूर केलीं होतीं, त्यांवर सही करून कोणालाहि खूष करतां आलें असतें. १८९९ सालीं शिकागोच्या मेयरपदाची निवडणूकहि ते हरले. अखेर डॅरो यांच्या कचेरींत ते पुन्हां वकिली करूं लागले. ११ मार्च १९०२ रोजीं जोलिएट गांवीं दक्षिण आफ्रिकेंतील बोअर लोकांच्या बाजूनें भाषण करून ते व्यासपीठावरून उतरले, त्यांना झटका आला, आणि दुसऱ्या दिवशीं वयाच्या ५४ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. ज्या तिघांस त्यांनीं सोडविलें, त्यांचा तुरुंग याच जोलिएटचा होता.

शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांचा देह दर्शनासाठीं ठेविला, तेव्हां हजारों लोक रांगेनें येऊन गेले. १९१५ सालीं तेथील लिंकन पार्कमध्यें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला. त्यांच्याच संस्थानच्या राजधानींत वाढलेल्या व्हेचल लिंडसे या कवीनें त्यांच्यावर कविता लिहिली. परंतु हें सारें मागाहून. जिवंतपणीं त्यांच्या वांट्यास आली ती मुख्यत: निंदा.

आतां आमचें स्वत:चें.

त्याच वर्षीं मार्च महिन्यांत शाळेच्या वाचनालयांतील नकाशांच्या मोठ्या पुस्तकाचीं दोन पानें कोणीं तरी फाडून नेलीं होतीं. वाचनालयाची देखरेख आमच्याकडे. म्हणून निवाडाहि आमच्याकडे आला. त्या दुपारीं वाचनालयांत पंधरा मुलें होतीं. त्यांतील एका मुलानें आठच दिवसांपूर्वीं भर वर्गांत उठून म्हटलें होतें कीं, “चांगलीं पुस्तकें कपाटांत कुलूप लावून ठेवतात, तीं आमच्यासाठीं नाहींतच.” हें बोलणें आम्हांस झोंबलें होतें. आम्हीं त्याला बोलावलें. त्यानें ‘मीं नाहीं’ म्हटलें. ज्यानें असें बोलावें, त्यानेंच असें करावें, हें आम्हांस इतकें उघड वाटलें कीं, इतर चौदांना आम्हीं नीट विचारलेंहि नाहीं. दिवाळीपर्यंत त्याला वाचनालय बंद केलें, फलकावर तसें लिहिलें, व घरीं चिठी पाठविली.

त्याचे वडील कामावरून सुटून तसेच शाळेंत आले. दारांतच उभे राहिले. बसा म्हटलें तरी बसले नाहींत. म्हणाले, “मास्तर, पोरानं केलं असंल तर खुशाल मारा. माझं काय म्हणणं न्हाई. पन त्यानंच केलंय का, येवढं एकदां बघा.” आम्हीं “बघूं” म्हटलें. बघितलें मात्र कांहींच नाहीं.

सुटींत आल्टगेल्ड यांचा तो लेख काय सांगतो, हें वाचीत असतां आमच्या डोळ्यांपुढें शिकागोचें न्यायालय येईना; तो दारांत उभा राहिलेला मनुष्य येई. सात माणसांचे जीव कोठें आणि नकाशाचीं दोन पानें कोठें, हें आम्हांस कळतें. परंतु माणूस चुकतो तो एकाच रीतीनें चुकतो. करणारा सांपडला नाहीं, म्हणून बोलणारा धरला.

जून महिन्यांत शाळा उघडली. निवाडा मागें घ्यावा, असा विचार आम्हीं सहकाऱ्यांजवळ बोलून दाखविला. एकानें विचारलें, “कांहीं नवा पुरावा मिळाला का?” नाहीं, म्हटलें. “मग निकाल फिरवायचा कशाला? मुलें उद्यां तुमचें ऐकणार नाहींत.” हें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. शिक्षकाची सारी सत्ता त्याच्या शब्दांत असते, आणि शब्द परत घेतलेला मुलांनीं पाहिला कीं ती थोडी ढिली होते. आम्हीं आठ दिवस या भीतींत घालविले. ज्या गृहस्थांनीं एका सहीनें आपलें सारें राजकारण मातीस मिळविलें, त्यांचें चरित्र उशाशीं ठेवून आम्ही एका वर्गापुढें उभें राहण्यास भीत होतों. हें लिहितांना लाज वाटते. पण तें खरें आहे.

नवव्या दिवशीं वर्गांत आम्हीं सांगितलें, “पानें कोणीं फाडलीं तें आम्हांस ठाऊक नाहीं. मार्चमध्येंहि ठाऊक नव्हतें. तरी आम्हीं शिक्षा दिली, ही आमची चूक. नवा पुरावा मिळालेला नाहीं. जुनाच पुरावा नव्हता.” आम्ही ‘दया करून’ असें म्हणालों नाहीं. तेवढें आम्ही आल्टगेल्ड यांच्याकडून शिकलों होतों. फलकावर तसेंच लिहिलें, आणि वडिलांस दुसरी चिठी पाठविली.

वर्ग गप्प होता. तो मुलगा उभा राहिला, पण कांहीं बोलला नाहीं, खालीं बसला. आमचें ऐकणें मुलांनीं सोडलें का? त्यानंतर एक-दोन आठवडे मागल्या बांकांवर थोडी कुजबुज वाढली, हें कबूल करावयास हवें. पुढें ती आपोआप थांबली. कांहीं पालकांनीं मात्र मुख्याध्यापकांकडे तक्रार केली कीं, हल्लीं शाळेंत शिस्त राहिली नाहीं. नकाशांचें पुस्तक आतां कपाटाबाहेर मेजावर असतें. तीं दोन पानें अजून नाहींत, आणि तीं कोणीं नेलीं हें बहुधा कधींच कळणार नाहीं.

एक गोष्ट राहिली. १ मे रोजीं हात वर करणारा तो मुलगा यंदां नववींत आहे. त्याच्या साध्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास आम्हांस एवढे दिवस व एवढीं पानें लागलीं. उत्तर लांबलें, याबद्दल त्यानें आम्हांस क्षमा करावी. आणि आमच्या वर्गांत कोणावर चुकून अन्याय झालेला दिसला, तर त्यानें पुन्हां असाच हात वर करावा.